कडब्याच्या रंगाची साडी

साडीचा रंग कोणता, हा प्रश्न आपल्या अखत्यारीतला नाही, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. डोंगर तपकिरी, समुद्र निळा, मैदानं हिरवी, एवढ्यावर माझं रंगांचं काम भागत आलं होतं. मग आमच्या सुकन्याचं लग्न ठरलं आणि मी कॅमेरा विकत घेतला.

मुलीचं लग्न आणि बापाचा कॅमेरा यांचा संबंध काय, असं उमानं विचारलं. उमा माझी बायको. तिला प्रत्येक गोष्टीत संबंध लागतो.

"लग्नात फोटोवाला असतोयच की," ती म्हणाली.

"तो लग्नाचे फोटो काढतो. लग्नाआधीच्या धावपळीचे कोण काढणार?"

"तुम्ही फोटो काढत बसल्यावर धावपळ करणार कोण?"

मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. आमच्या कॉलनीत माहितीपुस्तक वाचणारा मी एकटा असेन. मिक्सरचं वाचलं आहे, गिझरचं वाचलं आहे, माश्या मारायच्या इलेक्ट्रिक रॅकेटचंसुद्धा वाचलं आहे. लोक आधी वस्तू बिघडवतात आणि मग पुस्तक शोधतात. मी आधी पुस्तक वाचतो आणि मग बिघडवतो. हा संस्काराचा भाग आहे.

तर त्या पुस्तकात 'कलर स्पेस' नावाचं एक प्रकरण होतं. कॅमेऱ्यानं टिपलेले रंग कोणत्या चौकटीत बसवायचे, हे तिथं ठरवायचं. पर्याय दोन. एक एसआरजीबी आणि दुसरा अडोबी आरजीबी. पहिली चौकट लहान, दुसरी मोठी, तिच्यात रंग जास्त मावतात, एवढं मी वाचलं आणि विचारात पडलो. अशा वेळी शेजारी लागतो. आमचे शेजारी बापूसाहेब बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. खात्यात असताना त्यांचा सल्ला कुणी मागितला नाही, त्यामुळे त्यांच्याकडे तो भरपूर शिल्लक आहे.

"विचारता काय, राजशेखरराव? मोठं घ्या," ते म्हणाले. "प्लॉट घेताना अशीच काटकसर केलीत, म्हणून आज तुमची गाडी फाटकातून उलटी काढावी लागते."

प्लॉटचा विषय त्यांनी काढायला नको होता. मी मुकाट्यानं मोठी चौकट निवडली. त्या पानाच्या मागच्या बाजूला अजून मजकूर होता. पण तेवढ्यात जेवायला हाक आली.

आता बस्त्याचं सांगतो. आमच्याकडे लग्नाची कापडखरेदी दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून करायची असते. नवरीचे शालू, नवऱ्याचा पोशाख, सगळ्या मानकऱ्यांचे आहेर, सगळं एका दिवशी, एका दुकानात. त्यात नवरीच्या आत्याची साडी म्हणजे सगळ्यांत मोठा मान. सुकन्याची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, गुरम्माअक्का. अक्का कंधारला असते. आमची आई लवकर गेली आणि मला अक्कानं वाढवलं. माझ्या डोक्याला तेल लावलं तिनं, पाठीत धपाटे घातले तिनं, आणि शिकायला लातूरला धाडलं तेही तिनंच. अक्का लग्नाला नसेल तर ते लग्न मला लग्न वाटणार नाही, हे मी इथंच सांगून टाकतो.

पण अक्काचे गुडघे गेलेत. कंधारहून लोहा, लोह्याहून अहमदपूर, मग लातूर, असा बसचा प्रवास तिला करायला लावणं माझ्या जिवावर आलं. मग मला युक्ती सुचली. आपल्याकडे एवढा मोठ्या चौकटीचा कॅमेरा आहे, तर अक्काला बस्त्याला आणण्यापेक्षा बस्ताच तिच्याकडे पाठवू. साडीचे झकास फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, अक्कानं घरबसल्या बघायचं. युक्ती मला इतकी आवडली की ती मी कुणाला विचारली नाही.

बस्त्याच्या दिवशी नांदेडहून व्याही मंडळी आली. दुकानात गाद्यांवर सगळे बसले आणि मी कॅमेरा बाहेर काढला. तेवढ्यात दुकानाचे मालक अण्णाराव गल्ल्यावरून उठले. भिंतीवर पाटी होती : 'फोटो काढू नये.'

"सर, ते ठेवा आत."

"अहो, पण ती बाई काढतेय की मोबाईलनं."

"मोबाईलचं काय, सगळेच काढतात गुपचूप. आम्ही बघत न्हाई. ह्ये एवढं मोठं मशीन बघून गिऱ्हाईक भितंय. मघाशी दोघं मला विचारून गेले, धाड पडली का म्हणून."

"बाबा, मोबाईलनं काढा ना," सुकन्या माझ्या कानात म्हणाली.

पण मी शिक्षक माणूस. गुपचूप काही करणं मला जमत नाही. मी रीतसर परवानगी मागितली. अण्णाराव म्हणाले, थोरल्या भावाला विचारावं लागेल. थोरले भाऊ सोलापूरला माल बघायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. परवानगी येईपर्यंत व्याह्यांचा चहा झाला, भजी झाली, परत चहा झाला. विहीणबाई उमाला हळूच म्हणाल्या, "सर लई शिस्तीचे दिसतात." यात कौतुक किती आणि काळजी किती, ते मला कळलं नाही.

अक्कासाठी उमानं साडी निवडली होती ती गर्द पोपटी, डाळिंबी काठाची. खरं सांगतो, पोपटानं बघितली असती तर लाजला असता. परवानगी आल्यावर मी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितले. अप्रतिम! उमासुद्धा "बरे आलेत" म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्री. मी लगेच ते 'हलकुडे परिवार' या आमच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'अक्काची साडी. कशी वाटते?'

मग अक्काचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला.

"शेखर, साडी बघितली. कडब्याच्या रंगाची हाय. आमच्या म्हशीला दाखवली, तिला लई आवडली. माझं म्हणशील तर लग्नाला तुम्ही मंडळी हाईतच. माझ्यासाठी खोळंबू नगा."

मी तीन ताड उडालो. कडबा? म्हशीपुढं टाकायची ज्वारीची वाळकी ताटं? मी मोबाईल उघडून फोटो बघितला आणि जागच्या जागी बसलो. पोपट आजारी पडला होता. हिरव्यातला सगळा जीव गेला होता, डाळिंबी काठ विटके झाले होते. धुऊन धुऊन बोहारणीला द्यायच्या लायकीची झालेली साडी दिसत होती. पळत कॉम्प्युटरकडे गेलो. तिथं तोच फोटो, आणि पोपट ठणठणीत.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. बापूसाहेब म्हणाले, काचेवर भेसळीची पॉलिश असणार. त्यांच्या मंडळी प्रमोदिनीताई म्हणाल्या, दृष्ट लागली असेल, मीठ-मोहऱ्या उतरवून टाका. साडीवरून उतरवायच्या की कॅमेऱ्यावरून, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. मोठ्या चौकटीचा सल्ला तुमचाच होता, अशी मी बापूसाहेबांना आठवण दिली. "मी प्लॉटबद्दल बोलत होतो," ते म्हणाले.

शेवटी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणून सांगितलं. मी तीन दाबला आणि एक मुलगी हिंदीत बोलू लागली. आधी तिनं कॅमेऱ्याचा क्रमांक विचारला, मग माझी जन्मतारीख विचारली. जन्मतारखेचा रंगांशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. घरात ते काम करणारं माणूस आहे. मी सगळी कहाणी साडीसकट सांगितली. ती म्हणाली, "सर, कलर स्पेस में क्या रखा है?" मी अभिमानानं सांगितलं, अडोबी. ती इतकी हसली की तक्रार नोंदवायची विसरली.

माहितीपुस्तकाच्या त्या पानाच्या मागच्या बाजूला, जेवायची हाक आल्यामुळे राहिलेल्या मजकुरात, स्पष्ट लिहिलं होतं. मोठी चौकट ही छापखान्यासारख्या जाणकार कामासाठी आहे. ज्या यंत्राला ती कळते, त्याला रंग बरोबर दिसतात. माझ्या कॉम्प्युटरला ती कळत होती. पण ग्रुपवर फोटो टाकला की चौकटीची ती खूणगाठ वाटेत गळून पडते, आणि समोरचा मोबाईल आपल्या रोजच्या लहान चौकटीनंच रंग वाचतो. मग सगळे रंग फिके. नेहमीच्या वापरासाठी लहान चौकटच ठेवावी, असं ठळक अक्षरात दिलं होतं.

कारण सापडल्याचा मला इतका आनंद झाला की मी लगेच अक्काला फोन केला. इथं माझ्यातला शिक्षक आडवा आला.

"अक्का, साडी एकदम चांगली आहे. तुझ्या मोबाईलला तो रंग कळत नाही."

मी आणखी समजावून सांगू लागलो.

"म्हणजे बघ, फोटो उच्च दर्जाचा आहे. पण तो बघायला मोबाईल तसा..."

"शिवकुमारनं घेऊन दिलाय ह्यो मोबाईल," अक्का म्हणाली. "पहिल्या पगारात. माझ्या लेकाच्या मोबाईलला नावं ठेवायलास का तू?"

शिवकुमार माझा भाचा. गुणी पोरगा. माझ्या मनात तसलं काही नव्हतं, पण अक्कानं फोन ठेवला होता.

आता शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी कॅमेऱ्यात लहान चौकट निवडली, साडी गच्चीत उन्हात नेली, नवा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. या वेळी रंग तंतोतंत आला. पोपटी म्हणजे पोपटी, डाळिंबी म्हणजे डाळिंबी. खाली लिहिलं, 'हा खरा रंग.' आणि समाधानानं हात झटकले.

अक्काचा आवाज लगेच आला. "बोंबलल्यावर दुसरी साडी आणलीस व्हय रे?"

मी लिहिलं, साडी तीच आहे. कुणाचा विश्वास बसेना. का बसावा? एक साडी कडब्याची, एक पोपटाची, डोळ्यांना दिसतंय ना! आणि मग उदगीरच्या नागम्माकाकू, ज्या ग्रुपवर वर्षभर फक्त फुलांचे फोटो टाकतात, त्यांनी थेट उमाला फोन केला.

"उमा, गुरम्माला नवी घेतलीस ते चांगलं केलीस. पण ती पहिली कडब्याची कुणाला देणार हाईस? माझ्या माथी मारू नको बरं. मी आत्ताच सांगायले."

नागम्माकाकूंनी ही शंका आणखी कुणाकुणाला बोलून दाखवली असणार. कारण त्यानंतर फोनच फोन. मावशीचा, मामीचा, एका चुलत वहिनीचा. प्रत्येकीला एकच धास्ती, की ती साडी आपल्या आहेरात येणार. प्रत्येकीला मी शपथेवर सांगत होतो की अशी साडी नाही. "न्हाई तर न्हाई," त्या म्हणायच्या, "पण आम्हाला देऊ नका." जगात अस्तित्वातच नसलेली एक साडी आमच्या सगळ्या नातेवाइकांनी मिळून नाकारली. मी भूगोलाचा माणूस, नसलेल्या गोष्टीचा नकाशा काढता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण नसलेल्या साडीवरून भांडण होतं, हे मला नवीन होतं.

"कॅमेरा कपाटात ठेवा आणि कंधारला जाऊन या," उमा म्हणाली.

मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि कंधारला गेलो. साडीही घेतली. अहमदपूरला बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी पिशवीतून डोकावणारा कॅमेरा बघून विचारलं, पत्रकार का? मी नाही म्हणालो तर त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या गावच्या रस्त्याची बातमी द्यायची होती. लोह्यापर्यंत मी तो रस्ता ऐकला.

अक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं नाही. भावजी चंद्रप्पा दुकानातून आले, त्यांनी मला पाणी दिलं आणि परत गेले नाहीत. यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं, कारण भावजी किराणा दुकान कधी उघडं सोडत नाहीत. शेजारच्या पार्वतीबाईही आल्या. त्यांनी कडब्याचा फोटो बघितला होता. म्हशीला दाखवताना त्या हजरही होत्या.

मी घडीसकट साडी बाजेवर ठेवली. पार्वतीबाई पुढं झाल्या. "ह्यी तर ती दुसरी हाय."

"दुसरी नाहीच आहे हो, बाई! पहिली आणि दुसरी एकच आहे." मी कॅमेरा काढला. आयुष्यभर वर्गात प्रयोग न करता प्रयोग शिकवत आलो, आज प्रत्यक्ष करायची वेळ आली होती. मोठी चौकट निवडली, फोटो काढला, माझ्या मोबाईलवर घेतला आणि ग्रुपवर नको म्हणून फक्त अक्काला पाठवला. मग त्याच जागी लहान चौकट निवडून दुसरा. अक्काच्या मोबाईलमध्ये पहिला आला कडबा, दुसरा आला पोपट. बाजेवर साडी एकच. पार्वतीबाईंनी साडी उचलून खाली दुसरी आहे का तेही बघून घेतलं.

अक्कानं दोन्ही फोटो बघितले. मग साडी बघितली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे साडी चांगली होती आन् मशीननं नासवली."

"हो."

"आन् मोबाईलचा काही दोष न्हाई."

"अजिबात नाही. मोबाईल झकास आहे."

"मग झालं तर," भावजी म्हणाले. सबंध दुपारभरात ते एवढंच बोलले होते. मलाही वाटलं, झालं. मी साडी उचलून अक्कापुढं धरली. अक्कानं हात पुढं केला नाही.

"रंगाचं समजलं मला," ती म्हणाली. "पण मी रंगावर कधी रुसले? तू सुती जरी आणली असतीस तरी नेसले असते."

"मग?"

"बस्त्याला मला बोलावलंस का?"

"अगं अक्का, तुझे गुडघे... एवढ्या बस बदलायच्या, तुला त्रास नको म्हणून तर मी..."

"गुडघे माझे हाईत. बोलावणं तुझं होतं." अक्का म्हणाली. "मला येणं झालं असतं का? झालंच नसतं. मी न्हाईच म्हणले असते. पण न्हाई म्हणायचा मान माझा होता. तू माझ्या वतीनं परस्पर न्हाई म्हणून टाकलंस आन् वरून फोटू धाडलास. नवरीची आत्या हाय का फोटू बघणारी बाई हाय मी?"

माहितीपुस्तकात याचं प्रकरण नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. अक्काचे डोळे भरले होते. ते मी लहानपणी परीक्षेत नापास झालो तेव्हासुद्धा भरले नव्हते. तेव्हा तिनं लाटणं घेतलं होतं.

"मग आता बोलावतो," मी म्हणालो.

"आता? बस्ता झाला की."

"झाला असू दे. बोलावणं राहिलंय ना."

पार्वतीबाईंना हे एकदम पटलं. त्या घरात गेल्या आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. भावजी म्हणाले, बोडक्या डोक्यानं बोलावणं करत नाहीत. त्यांनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. भावजींचं डोकं मोठं आहे. टोपी माझ्या कानांवर येऊन टेकली. तशाच अवतारात मी बहिणीसमोर उभा राहिलो, पार्वतीबाईंनी अक्काला कुंकू लावलं, आणि मी हात जोडून म्हणालो, "अक्का, आपल्या सुकन्याचा बस्ता आहे. तुझ्याशिवाय बांधायचा नाही. चल."

अक्कानं पदर डोक्यावरून घेतला. शेंगांचं सूप बाजूला सारलं. पाठ ताठ केली. क्षणभर मला भीती वाटली की ही हो म्हणते काय, आणि मग अण्णारावांचं दुकान परत, व्याही परत, चहा-भजी परत.

"न्हाई रे, बाबा," अक्का म्हणाली. किती तृप्त आवाज होता तो! "माझे गुडघे कुठं चालायले? तुम्ही जा. उमा घेईल ते मला पसंत हाय."

"चल की अक्का," भीड चेपल्यामुळे मी आणखी एकदा आग्रह केला.

"न्हाई म्हणले ना!" तिनं दुसऱ्यांदाही नाकारलं, आणि माझ्या हातातून साडी ओढून घेऊन तिथंच तिची घडी मोडली. भावजी दुकानाकडे पळाले. गिऱ्हाईक केव्हाचं ओरडत होतं.

तेवढ्यात उमाचा फोन आला. तिला धीर निघत नव्हता.

"काय म्हणाल्या अक्का?"

"बस्त्याला यायला नकार दिला!" मी आनंदानं ओरडलो. "दोनदा!"

"अहो, बस्ता तर कधीच झाला. तुम्हाला ऊन लागलंय का? लग्नाचं काय म्हणाल्या? लग्नाला बोलावलं का तुम्ही?"

लग्नाचं बोलावणं मी अजून केलंच नव्हतं. मी कानांवरची टोपी सावरली, अक्काकडे वळलो आणि पुन्हा हात जोडले. पण तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"उमा, काय बोलायलीस तू? लग्नाला मला बोलावणं कशाला लागतंय? माझ्याच पोराच्या घरचं लग्न हाय. येते मी आधीच, भाकऱ्या करायला माणूस ठेवू नका."